लहान मुलांना समुद्रतळाशीं उतरूं द्यावें काय?

एके काळीं आपल्याकडील शिष्ट कुटुंबांत समुद्र ओलांडावा कीं नाहीं, आणि ओलांडलाच तर परत आल्यावर प्रायश्चित्त कोणतें घ्यावें, यांवर मोठमोठे वाद झडले. त्याच कुटुंबांचीं पणतवंडें आज समुद्र ओलांडतात हें तर खरेंच, पण त्याच्या पोटांतही शिरतात. आणि प्रायश्चित्त दूरच राहिलें, उलट त्या पराक्रमाची तसबीर दिवाणखान्यांत लागते. काळाचा हा महिमा पाहून आम्हांस खेद होत नाहीं. मुलांनीं उंबऱ्याबाहेर पडावें, जग पाहावें, अंगीं धीटपणा आणावा, असें आम्ही उभ्या आयुष्यभर वर्गांत सांगत आलों.

अलीकडे मात्र सुटी लागली कीं ओळखीच्या घरांतून एक प्रश्न आमच्याकडे हमखास येऊं लागला आहे. सगळें कुटुंब मालवण-तारकर्लीस निघालें आहे. तेथें 'स्कूबा डायव्हिंग' नांवाची सोय आहे. मोठीं माणसें उतरणार, कॉलेजांतील पुतण्या उतरणार. मग आठ-नऊ वर्षांच्या धाकट्यानें काय घोडें मारलें? आई म्हणते नको, काका म्हणतात कांहीं होत नाहीं, आजी देवास हात जोडून मोकळी होते, आणि शेवटीं जो मोठ्यानें बोलतो त्याच्या मताप्रमाणें होतें. गोव्याजवळचें ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरानजीकचें नेत्राणी बेट, अंदमानांतील हॅवलॉक म्हणजे आतांचें स्वराज द्वीप, येथें जाणाऱ्या कुटुंबांतही हाच संवाद होत असला पाहिजे. एका लहान जिवाचा प्रश्न आवाजाच्या चढउतारावर सुटूं नये, म्हणून त्याचा थोडा शांतपणें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

हें यंत्र करतें काय?

'स्कूबा' हा शब्द मूळचा शब्दच नव्हे. 'पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण उपकरण' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून तो तयार झाला. आज जें साधन सर्वत्र दिसतें त्याचा पाया फ्रान्समध्यें १९४३ सालीं झाक कूस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनीं घातला. पाठीवर दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर आणि तोंडांत धरावयाची झडप, इतकाच काय तो सरंजाम. पण त्या झडपेंत खरी करामत आहे. ती हवा नुसती सोडीत नाहीं. ज्या खोलीवर माणूस असेल त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें सोडते.

असें कां करावें लागतें? जमिनीवर आपणां सर्वांवर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यांत दर दहा मीटर खोलीस त्यांत आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरांवर छातीवर दुप्पट दाब, वीस मीटरांवर तिप्पट. इतक्या दाबाखालीं फुफ्फुसें फुगवावयाचीं तर आंत येणारी हवाही तितक्याच दाबाची हवी. झडप ती पुरविते, म्हणून माणूस खालीं सुखानें श्वास घेतो. हें सुख किती गोड आहे, हें ज्यांनीं अनुभवलें ते सांगतांना थकत नाहींत. माशांचा थवा अंगाजवळून जातो, शरीराचें वजन नाहींसें होतें, आणि आपल्याच श्वासाचे बुडबुडे वर जातांना दिसतात. मुलाला याचा मोह पडला तर त्यांत त्याचा दोष नाहीं.

होकाराची बाजू

उतरूं द्यावें म्हणणाऱ्यांची बाजू आम्ही हलकी मानीत नाहीं. ते म्हणतात, आमच्या वेळीं पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलाला विहिरींत ढकलीत. तेव्हां कोणी वैद्यकीय दाखला मागितला होता? ते असेंही विचारतात कीं, दिवसभर हातांत काचेची पाटी घेऊन बसणाऱ्या मुलाला जिवंत समुद्र दाखविणें वाईट कीं चांगलें? ज्यानें मासा त्याच्या घरीं जाऊन पाहिला, तो उद्यां समुद्रांत प्लॅस्टिक टाकणार नाहीं, हेंही म्हणणें खोटें नव्हे.

उदाहरणेंही त्यांच्याजवळ आहेत. खुद्द कूस्तोनें आपला थोरला मुलगा झां-मिशेल यास १९४५ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, पाठीवर हें यंत्र चढवून पाण्यांत उतरविलें. पुढें तोही समुद्राचा मोठा अभ्यासक झाला. थायलंड आणि म्यानमार यांच्या किनाऱ्याकडे मोकेन नांवाचे समुद्रभटके लोक राहतात. त्यांचीं मुलें अगदीं लहानपणापासून पाण्याखालीं जाऊन शिंपा, कालवें वेंचतात. आन्ना गिस्लेन या स्वीडनमधील संशोधक बाईंनीं २००३ सालीं दाखवून दिलें कीं, पाण्याखालीं हीं मुलें युरोपांतील मुलांच्या दुपटीहून अधिक स्पष्ट पाहूं शकतात. पाण्यांत शिरतांच आपली बाहुली लहान करण्याची कला तीं सरावानें शिकलेलीं असतात. आणि पुढें असेंही दिसून आलें कीं, युरोपांतील मुलांसही ती सरावानें साधतें. कोरियांतील जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया, ज्यांच्या परंपरेस युनेस्कोनें २०१६ सालीं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यांच्या घरच्या मुली पूर्वीं लहानपणींच किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत बुडी मारावयास शिकत.

हीं उदाहरणें खरीं आहेत. परंतु न्यायशास्त्रांत दृष्टांत देतांना तो प्रकृत विषयाशीं जुळतो कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें. विहिरींत पोहणारा मुलगा, मोकेन बालक, जेजूची कन्या हीं सर्व वरच्या हवेंत एक श्वास घेऊन खालीं जातात आणि तोच श्वास घेऊन वर येतात. त्यांच्या छातींतील हवा खालीं जातांना दाबली जाते आणि वर येतांना फुगून जितक्यास तितकी होते. तिची भर पडत नाहीं. सिलिंडर लावणारा मनुष्य मात्र खालीं, दाबाखालीं, नवी हवा छातींत भरतो. सगळा फरक येथें आहे. राहतां राहिला कूस्तो. तर ज्याचा बाप त्या यंत्राचा कर्ताच होता आणि हाताच्या अंतरावर उभा होता, त्या मुलाचा दृष्टांत सर्वांना कसा लागू पडावा?

कुंभकाचा निषेध

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सकाळीं संध्या होते, निदान प्राणायामाची ओळख तरी असते. पूरक म्हणजे श्वास घेणें, कुंभक म्हणजे कोंडणें, रेचक म्हणजे सोडणें. स्कूबाचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम या भाषेंत सांगावयाचा तर असा: पूरक करा, रेचक करा, कुंभक कदापि करूं नका.

याचें कारण रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञानें १६६२ सालींच सांगून ठेविलें आहे. दाब निम्मा झाला कीं हवेचें आकारमान दुप्पट होतें. दहा मीटर खोलीवर पूर्ण श्वास घेऊन तो कोंडून कोणी तसाच वर आला, तर छातींतील हवा पृष्ठभागाशीं येईतों दुप्पट जागा मागूं लागते. फुफ्फुस कांहीं रबराची पिशवी नव्हे. त्याचे सूक्ष्म वायुकोश फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तांत शिरून मेंदूपर्यंत जाऊं शकतात. यांतील भयंकर गोष्ट अशी कीं, यासाठीं दहा मीटरही लागत नाहींत. छाती पूर्ण भरलेली असतांना श्वास कोंडून एक-दीड मीटर वर येण्यानेंही असा अपाय होऊं शकतो. म्हणजे ज्याला आपण उथळ आणि निर्भय समजतों, तो पोहण्याचा तलावही या बाबतींत निर्भय नाहीं.

आतां मुलाकडे वळूं. घाबरलेलें मूल पाण्यांत पहिल्याप्रथम काय करतें? श्वास रोखून वरच्या उजेडाकडे धांवतें. पोहतांना आपणच त्यास 'श्वास धर' असें शिकविलेलें असतें. जी गोष्ट एका विद्येंत गुण, तीच दुसऱ्या विद्येंत प्राणघातक. मोठ्या माणसाची घबराट आणि मुलाची घबराट यांत प्रकारचा भेद नाहीं. पण भीतीच्या क्षणीं पाठ केलेला नियम आठवून तिला आवर घालण्याची शक्ति वयाप्रमाणें येते. ती आठव्या वर्षीं क्वचित्, दहाव्या वर्षीं कांहींना आणि चौदाव्या वर्षीं बऱ्याच जणांना आलेली असते.

शरीराचें म्हणणें

फुफ्फुसांतील वायुकोशांची संख्या सुमारें आठव्या वर्षापर्यंत वाढत असते, असें वैद्यकशास्त्र सांगतें. आठ वर्षांखालील मुलाला सिलिंडर लावूं नये, या मताच्या मुळाशीं हें एक कारण आहे. ज्या मुलास दमा आहे, त्याची गोष्ट निराळी. तेथें वयाचा प्रश्नच नाहीं, आधीं जाणत्या डॉक्टरचा होकार हवा.

दुसरी गोष्ट कानाची. घशापासून कानाच्या पडद्यामागें एक बारीक नळी जाते, तिला कंठकर्णनलिका म्हणतात. खालीं उतरतांना नाक दाबून, गिळून, हवा या नळींतून कानांत पोंचवावी लागते. नाहीं तर पडदा आंत दाबला जाऊन तीव्र कळ येते, प्रसंगीं तो फाटतो. मोठ्यांतही पाणबुडीचा सर्वांत नेहमींचा अपाय कानाचाच. लहान मुलाची ही नळी अरुंद असते आणि मोठ्यांच्यापेक्षां अधिक आडवी असते. त्यांत आपल्याकडील मुलाला वर्षांतून किती वेळां सर्दी होते, हें प्रत्येक आईस ठाऊक आहे. सर्दी असतांना पाण्याखालीं जाणें मोठ्यासही वर्ज्य. मग 'एवढ्या लांब आलों, पैसे भरले' एवढ्यासाठीं वाहत्या नाकाच्या मुलाला उतरविणाऱ्यांस काय म्हणावें?

तिसरी गोष्ट थंडीची. पाणी हवेपेक्षां सुमारें वीस-पंचवीस पट वेगानें शरीराची ऊब हिरावून घेतें. मुलाच्या वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा पसारा मोठा, म्हणून तें लवकर गारठतें. आणि गारठलेलें मूल ना नीट ऐकतें, ना नीट सांगतें. चौथी गोष्ट वजनाची. मोठ्या माणसाचा नेहमींचा सिलिंडर रिकामाच सुमारें चौदा किलो भरतो. पाण्यांत तो जाणवत नाहीं. पण हेलकावणाऱ्या होडींत तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तो काय करील याची कल्पना करावी. सिलिंडर, झडप, अंगरखा, डोळ्यांवरील कांच हीं सर्व मुलाच्या मापाचीं असलीं पाहिजेत. सैल अंगरख्यांतून मूल निसटतें आणि सैल कांचेंतून पाणी शिरतें.

वाढत्या हाडांच्या टोकांशीं जीं कोंवळीं कूर्चा असतात, त्यांस रक्तांतील बुडबुड्यांनीं इजा होत असेल कीं काय, अशीही एक शंका डॉक्टर मंडळी बोलून दाखवितात. ती सिद्ध झालेली नाहीं. सिद्ध व्हावी तरी कशी? मुलांवर असे प्रयोग करून पाहणें कोणत्याही सज्जनास मान्य होणार नाहीं. जेथें पुरावा मिळविण्याचा मार्गच नीतीनें बंद केला आहे, तेथें शंकेचा फायदा मुलाला द्यावा. खोली कमी, वेळ कमी, खेपा कमी.

संस्थांचे नियम आणि त्यांचा अर्थ

जगांत ही विद्या शिकविणाऱ्या ज्या मोठ्या संस्था आहेत, त्यांनीं वयाच्या पायऱ्या पाडल्या आहेत. अमेरिकेंत १९६६ सालीं निघालेली 'पॅडी' ही संस्था आठ वर्षांच्या मुलाला केवळ चव घेण्यापुरतें, दोन मीटरांच्या आंत, शिक्षकाच्या सोबतीनें यंत्र लावूं देते. रीतसर शिक्षण दहाव्या वर्षापासून. दहा व अकरा वर्षांच्या मुलानें आई-बाप, पालक वा संस्थेचा शिक्षक यांच्याबरोबरच आणि फार तर बारा मीटरांपर्यंत जावें. बारा ते चौदा वर्षांच्यानें प्रशिक्षित प्रौढाबरोबर अठरा मीटरांपर्यंत. आणि पंधरावें लागल्यावर मोठ्यांसारखें. पूर्वीं शिक्षणाचें वय बारा होतें, तें पुढें दहावर आलें. १९५९ सालीं स्थापन झालेली आणि कूस्तो ज्याचा पहिला अध्यक्ष होता तो आंतरराष्ट्रीय संघही मुलांस आठव्या वर्षापासून निराळ्या, सौम्य क्रमानें घेतो.

आठवें वर्ष म्हटलें कीं आपल्या लोकांस मुंजीची आठवण होईल, आणि ती अगदींच अस्थानीं नाहीं. आठव्या वर्षीं मुलाला गुरूपाशीं नेत. त्याच दिवशीं त्याच्या हातीं सर्व वेद देत नसत. वय हें दार उघडतें. आंत किती जावयाचें हें अधिकारावर ठरतें. संस्थांच्या नियमांतील आंकडा हा 'याच्या खालीं नको' एवढेंच सांगतो. 'याच्या वर सर्वांनीं जावें' असा त्याचा अर्थ नाहीं. एकाच वर्गांतील दोन दहा वर्षांचीं मुलें सारखीं नसतात, हें सांगण्यास शिक्षकाची साक्ष काढावयास नको.

आणखी एक नियम असा कीं, पाण्याखालीं कोणी एकटें जाऊं नये, जोडीनें जावें; एकाची हवा संपली तर दुसऱ्यानें द्यावी, एक बेशुद्ध झाला तर दुसऱ्यानें वर आणावें. बाप आणि दहा वर्षांचा मुलगा अशी जोडी कागदावर जोडी दिसते, पण ती जोडी नव्हे. बाप मुलाला वर आणील. बापास कांहीं झालें तर मूल त्यास आणूं शकत नाहीं. उलट त्या कोंवळ्या जिवावर बापास खालीं सोडून येण्याचा प्रसंग ओढवेल. म्हणून मुलाबरोबर एक नव्हे, दोन जाणतीं माणसें असावींत.

आपल्या घरांतील 'हो'

येथवर जें सांगितलें तें कोणीही जाणता शिक्षक सांगेल. आम्हांस ज्याची खरी काळजी वाटते, ती गोष्ट मात्र समुद्रांतली नसून आपल्या घरांतली आहे.

वर्गांत धडा संपवून 'समजलें का?' म्हणून विचारलें कीं चाळीस मुलें एका सुरांत 'हो' म्हणतात. दुसऱ्या दिवशीं पाटीवर लिहावयास सांगितलें म्हणजे त्या 'हो'ची किंमत कळते. मुलें खोटें बोलतात असें नव्हे. मोठ्यांनीं विचारलें असतां 'हो' म्हणावें, हें त्यांना लहानपणापासून शिकविलेलें असतें. चांगल्या घरचें, वळणाचें मूल तर अधिकच लवकर 'हो' म्हणतें. एकत्र कुटुंबांत त्यांत चुलत-आते भावंडांची भर पडते. 'मन्या उतरला, तूं काय भित्री भागूबाई?' असें एक वाक्य पुरे होतें. बापानें पैसे भरलेले असतात, काका मोबाइल रोखून उभे असतात, होडींत अनोळखी लोक पाहत असतात. अशा वेळीं नऊ वर्षांच्या मुलीनें दिलेला होकार हा होकार असतो काय?

जमिनीवर या चुकीची भरपाई होऊं शकते. मूल रडलें तर आकाशपाळणा थांबवितां येतो. पाण्याखालीं बोलतां येत नाहीं. कान दुखतो आहे, कांचेंत पाणी शिरलें आहे, श्वास लागतो आहे, हें त्या मुलालाच ठाऊक, आणि तें त्यानें ताबडतोब खुणेनें सांगितलें तरच दुसऱ्यास कळणार. जें मूल घरीं मोठ्यांना 'मला नको' म्हणूं शकत नाहीं, तें पांच मीटर पाण्याखालीं अनोळखी माणसास 'मला वर ने' म्हणून सांगेल, ही आशा आम्हांस तरी करवत नाहीं. आज्ञाधारकपणा हा मोठा गुण खरा. परंतु या एका ठिकाणीं नकार देतां येणें हाच अधिकाराचा पहिला पुरावा आहे.

म्हणून उतरण्याचा बेत आंखण्यापूर्वीं मुलाला एकांतांत, एकानेंच, विचारावें. उत्तर 'नको' आलें तर विषय तेथेंच संपवावा. त्यावर जेवतांना थट्टा होऊं देऊं नये. उत्तर 'हो' आलें तर आजोबांनीं परीक्षा घ्यावी. 'श्वास कां कोंडावयाचा नाहीं, तें मला समजावून सांग' असें म्हणावें. पुस्तकांतलें वाक्य म्हटलें तर पुरे मानूं नये. फुग्याचा, बाटलीचा, कसलाही स्वतःचा दाखला देऊन मुलानें आजोबांना पटवून दिलें, तर समजावें कीं विद्या आंत उतरली. ही परीक्षा घेण्यास आजोबांना पोहतां येण्याची गरज नाहीं.

मालवणकडील रीत

मालवणचा किनारा हा आपल्या महाराष्ट्राचें भूषण आहे. सिंधुदुर्गाच्या भोंवतालच्या खडकांत प्रवाळ आहे, रंगीबेरंगी मासळी आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. तारकर्लीस पर्यटन महामंडळाची पाणबुडी शिकविणारी संस्थाही आहे. जेथें रीतसर शिक्षण मिळतें, तेथें मुलाला प्रथम तलावांत, मग उथळ समुद्रांत, असें क्रमाक्रमानें नेतात. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं.

परंतु हौशी प्रवासी बहुधा शिकावयास जात नाहीं, पाहावयास जातो. त्याला होडींत बसवितात, थोडक्यांत खुणा सांगतात, यंत्र बांधतात, आणि एक वाटाड्या मागून सिलिंडर धरून कांहीं मीटर खालीं फिरवून आणतो. 'पोहतां येत नसलें तरी चालेल' असें अभिमानानें सांगितलें जातें. वाटाडे बहुतेक किनाऱ्यावरचेच, समुद्रांत वाढलेले, कसलेले असतात. त्यांच्या कौशल्याबद्दल आम्हांस आदर आहे. तरीही पाण्याखालीं आपला श्वास, आपला कान आणि आपली भीती सांभाळण्याचें काम दुसऱ्यास देतां येत नाहीं. प्रौढ मनुष्य निदान धोका पत्करतो तो जाणून. मूल तो जाणत नाहीं. त्याच्या वतीनें आपण पत्करतों.

धोका पाण्याखालींच असतो असेंही नाहीं. मे २०२२ मध्यें तारकर्लीस स्कूबाहून परतणारी वीस प्रवाशांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा अंत झाला. म्हणून होडींत चढण्यापूर्वींच तरंगणारा अंगरखा प्रत्येकाच्या, विशेषतः मुलांच्या, अंगावर नीट बांधला आहे कीं नाहीं, होडींत माणसें किती, समुद्र कसा, हें पाहावें. शिक्षकाचा दाखला मागण्यांत संकोच मानूं नये. मुलाच्या मापाचें साहित्य आहे काय, एका शिक्षकाकडे किती मुलें, प्राणवायूची सोय जवळ आहे काय, आणि बुडबुड्यांचा विकार झाल्यास दाबाच्या कोठडीची सोय असलेलें रुग्णालय कोठें, हे प्रश्न विचारावे. चांगला शिक्षक या प्रश्नांनीं रागावत नाहीं. जो रागावेल त्याच्याकडे मूल सोंपवूं नये. बुडी मारल्यावर निदान बारा तास, आणि अनेक वेळां मारली असल्यास अठरा तास, विमानांत बसूं नये, हेंही परतीचें तिकीट काढतांनाच ध्यानांत ठेवावें.

आमचें मत

आतां विचारलेल्या प्रश्नाचें सरळ उत्तर देतों.

आठ वर्षांखालील मुलाला हें यंत्र लावूं नये. याला अपवाद नाहीं. आठ ते दहा या वयांत, फार हौस असल्यास, पोहण्याच्या तलावांत, मुलांस शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हाताखालीं, दोन मीटरांच्या आंत ओळख करून देण्यास हरकत नाहीं, समुद्रांत नाहीं. दहा ते चौदा या वयांत पुढील गोष्टी जुळल्या तरच: मुलाला स्वतःला उत्तम पोहतां येतें, इच्छा त्याची स्वतःची आहे, डॉक्टरनें कान व छाती तपासली आहे, तें रीतसर शिकलें आहे, नुसतें फिरवून आणलेलें नाहीं, आणि बरोबर दोन जाणतीं माणसें आहेत. यांतील एकही गोष्ट उणी असेल तर थांबावें. सर्व जुळूनही होडीच्या कांठावर मुलानें मान हलविली, तर त्यास शाबासकी देऊन परत आणावें. भरलेले पैसे बुडाले, असें त्या वेळीं कोणीही म्हणूं नये.

मग लहान मुलांनीं समुद्रास दुरून नमस्कार करावा काय? मुळींच नाहीं. प्रथम त्यांना पोहावयास शिकवावें. हें शिक्षण आपल्या घरांतून मागें पडत चाललें आहे आणि त्याबद्दल कोणासही काळजी दिसत नाहीं, याचें नवल वाटतें. नंतर डोळ्यांवर कांच लावून, तोंडांत आंखूड नळी धरून, मोठ्यांच्या हाताशीं, पाण्याच्या पाठीवर तरंगत खालीं पाहावयास द्यावें. यांत दाबलेली हवा नाहीं. समुद्र तोच, मासेही तेच. आणि ओहोटीच्या वेळीं खडकाळ किनाऱ्यावर जावें. खडकांतल्या डबक्यांत खेंकडे, शंख, समुद्रफुलें हीं गुडघाभर पाण्यांत दिसतात. तासभर तेथें बसलेलें मूल प्रश्न विचारूं लागतें. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाची समुद्राशीं ओळख झालीच.

चार-पांच वर्षें थांबल्यानें समुद्र आटणार नाहीं. आठव्या वर्षीं ज्याला थांबविलें तो चौदाव्या वर्षीं अधिक पाहील, अधिक समजेल आणि कदाचित् त्याच विद्येंत नांव काढील. घरांतील वडील माणसांनीं येत्या सुटीचा बेत ठरतांना हा विषय आधींच काढावा. होडी किनाऱ्याला लागल्यावर त्याचा विचार करावयास वेळ नसतो. आणि त्या बैठकींत ज्याच्याबद्दल बोलणें चाललें आहे त्या मुलासही बसवून घ्यावें, व त्याचें म्हणणें सर्वांच्या आधीं ऐकावें.